दर दोन तासांनी

माझी आजी शेवटची दोन वर्षं बाजेवर होती. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी, मधल्या खोलीत, खिडकीजवळ. खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा उभी राहिलीच नाही. त्या दोन वर्षांत माझी काकू रात्री दहाला, बाराला, दोनला आणि चारला उठायची. तिला गजर लावावा लागत नसे. आजीखाली जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी आडवी घातलेली असे. काकू त्या घडीचं पलीकडचं टोक मुठीत धरायची, एक गुडघा बाजेच्या काठावर टेकवायची, "माय, उलटतो बरं आता," म्हणायची आणि लुगडं आपल्याकडे ओढायची. आजी अलगद कुशीवर यायची. मग पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली गुंडाळलेली गोधडी. शेवटी हाताचा पालथा पंजा पाठीवरून फिरवायची, ओल आहे का ते पाहायला. हे सगळं अंधारात, चार मिनिटांत. काचेच्या बांगड्या तिने पहिल्याच महिन्यात उतरवून ठेवल्या होत्या. म्हातारीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली, बांगडी नुसती घासली तरी सोलून निघायची.

गावातले लोक म्हणत, "बुढीले सून मोठी गुणाची भेटली." कौतुक मनापासून होतं आणि खरंही होतं. पण नुसत्या गुणाने पाठ कोरडी राहत नाही. त्यासाठी काय करायचं ते माहीत असावं लागतं, आणि ते रोज, ठरल्या वेळी करावं लागतं. म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला आपण संस्कार म्हणतो, पुण्य म्हणतो, माया म्हणतो. काम मात्र म्हणत नाही. मला वाटतं सगळी अडचण तिथून सुरू होते. ज्याला काम म्हटलं नाही, ते शिकवलं जात नाही, त्याचा मोबदला ठरत नाही, आणि ते करणाऱ्याला सुटी असते हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

हे काम किती बारकाईचं आहे ते आधी पाहू.

माणूस पाठीवर पडून राहिला की सगळा भार माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर येतो. तिथे हाड आणि कातडीच्या मध्ये मांस थोडंच. हाड आतून दाबतं, गादी बाहेरून दाबते आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या चेपून बंद होतात. रक्त थांबलं की पेशी मरायला लागतात. आपल्याला असं दाबलं गेलं तर झोपेतही आपण कूस बदलतो. ज्याला ती बदलता येत नाही, त्याची कातडी काही तासांतच लाल होते. तो लालपणा बोटाने दाबूनही फिका होत नसेल तर जखम आतून सुरू झालेली असते. पुढे फोड, मग खड्डा, कधी हाडापर्यंत. आमच्याकडे याला 'पाठ लागली' म्हणतात. लघवीने अंथरूण ओलं राहिलं तर कातडी भिजून मऊ पडते आणि हेच सगळं दुप्पट वेगाने होतं. म्हणून दोन तासांनी कूस, म्हणून पालथा पंजा. लाल झालेल्या जागी चोळून तेल लावायची पद्धत घरोघर आहे. ती मायेपोटी असते, पण तिथे चोळल्याने आतल्या चेपलेल्या पेशी आणखी फाटतात. माणसाला ओढत वर सरकवायचं नाही, कारण कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं. लुगड्याच्या घडीने उचलून सरकवायचं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ही चादर आडवी घालण्याची रीत शिकवतात. काकूला ती कोणी शिकवली नव्हती. आजीला ज्या दवाखान्यातून घरी आणलं, तिथे आम्हाला गोळ्यांची चिठ्ठी मिळाली आणि पुढची तारीख मिळाली. उलटवायचं कसं, भरवायचं कसं, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. पहिल्या तीन आठवड्यांत आजीच्या पाठीला रुपयाएवढी जखम झाली. ती भरायला पाच महिने लागले. लुगड्याची युक्ती काकूने त्या जखमेतून शोधली.

भरवण्याचंही तसंच. आडव्या माणसाच्या तोंडात वरणभाताचा घास घातला की तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. ठसका लागला तर निदान कळतं. म्हातारपणी गिळण्याचे स्नायू ढिले पडले की ठसकाही लागत नाही, आणि चार दिवसांनी ताप येऊन न्यूमोनिया निघतो. म्हणून बसतं करायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, चमचा अर्धाच भरायचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. पाणी पातळ, ते घशातून लवकर निसटतं. घट्ट आंबील किंवा पेज जास्त सांभाळून उतरते. आपल्या आयाबायांनी आजाऱ्याला पेज दिली ती उगाच नाही.

आणि उन्हाळा. यवतमाळचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो. वय झालं की तहान मंदावते. शरीराला पाणी हवं असतं पण मेंदूला तशी हाक पोचत नाही. त्यात ज्याला मोरीपर्यंत न्यावं लागतं तो माणूस मुद्दाम पाणी कमी पितो, कोणाला त्रास नको म्हणून. दोन दिवसांत रक्तातल्या क्षारांचा तोल जातो, किंवा लघवीत जंतू होतात, आणि काल चांगला बोलणारा म्हातारा आज मेलेल्या भावाशी गप्पा मारू लागतो. "बुढा बरळाले लागला," म्हणतात आणि वयाचा दोष म्हणून सोडून देतात. यातली पुष्कळ माणसं वेळेवर उपचार मिळाले, सलाईन लागलं, की सावरतात. भ्रम एका-दोन दिवसांत अचानक आला तर तो आजार समजायचा आणि दवाखाना गाठायचा. महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलेला विसरभोळेपणा वेगळा. हा दुसरा प्रकार म्हणजे डिमेन्शिया. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीच्या आधारे साठीपुढच्या भारतीयांत त्याचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसांच्या घरात, काढलं गेलं आहे. यवतमाळच्या खेड्यात या आजाराला नाव नाही. 'म्हातारचळ' आहे. नाव नसलेल्या आजाराशी सून एकटी झगडते, आणि घास भरवल्यावर पाच मिनिटांनी "मले कोणी जेवाले देत नाही" असं सासूने शेजारणीला सांगितलं की बोलणंही तीच ऐकते.

आता हे काम करतं कोण, ते पाहू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली. कोण माणूस दिवसाचे चोवीस तास कुठे घालवतो, याचा तो हिशेब आहे. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रियांनी त्या दिवशी घरातल्या कोणाची तरी देखभाल केली होती, आणि त्यात सुमारे १४० मिनिटं घातली होती. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटं. बिनपगारी घरकामात तर बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. देखभालीच्या या आकड्यांत लहान मुलंही आली आणि म्हातारी माणसंही. शिवाय अशा पाहणीत 'कान उघडे ठेवून झोपणं' कुठे नोंदवायचं? काकूची झोप ही झोपेच्या रकान्यात जाईल.

पैशाचा हिशेब आमच्या भागात कपाशीवर करता येतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणी चालते. सरावलेली बाई दिवसाला ४० किलो कापूस सहज वेचते. किलोला दहा रुपये धरले तरी चारशे रुपये रोज. काकू त्या दोन हंगामांत एकदाही शेतात गेली नाही, ना आमच्या, ना दुसऱ्याच्या. बायका दारावरून जाताना हाक मारत आणि ती म्हणे, "कशी येऊ बाप्पा, बुढीले कोण पाहीन?" आमच्या शेतात वेचणीला मजूर लावले, त्यांची मजुरी वहीत लिहिली गेली. काकूची बुडालेली मजुरी कुठल्याही वहीत नाही.

सरकार काय देतं? गरीब घरातल्या ६५ वर्षांपुढच्या माणसाला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २०१९ पर्यंत ते ६०० होते, मग १,००० झाले, २०२३ पासून १,५००. राज्याने हात सैल केला हे मान्य करायला हवं. केंद्राचा वाटा मात्र ८० वर्षांपर्यंतच्या माणसाला २०० रुपये आहे. २००७ मध्ये इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना आली तेव्हाही तो २०० च होता. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास. मोठ्या माणसाचा एक डायपर तीस-चाळीस रुपयांना पडतो. आणि हे पन्नास मिळायलाही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं लागतं. म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला ५७ रुपये. इतक्यात जगणारं घर आज यवतमाळ जिल्ह्यात शोधून दाखवावं. लोक खोटा दाखला काढतात किंवा योजनेबाहेर राहतात. दोन्हींत मान जाते ती म्हाताऱ्याचीच. ही मर्यादा बदलायला नवा कायदा लागत नाही. सरकारी निर्णयाचं एक पान लागतं.

बाकीच्या सवलती बघा. पंच्याहत्तरीपुढे एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, आणि आर्णीच्या, घाटंजीच्या स्टँडवर त्याचा आनंद डोळ्यांनी दिसतो. माहेरी न गेलेल्या म्हाताऱ्या पुन्हा माहेरी जाऊ लागल्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमोडची खुर्ची घ्यायला एकदाच ३,००० रुपये मिळतात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दवाखान्यातले उपचार आहेत. चालत्या म्हाताऱ्यासाठी प्रवास आहे, भरती झालेल्यासाठी कार्ड आहे. जो चालत नाही आणि भरतीही नाही, नुसता घरी बाजेवर आहे, त्याच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. आणि त्याला सांभाळणारीसाठी तर एकही योजना नाही.

२००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याचंही असंच आहे. कायदा चांगला आहे, आणि तो माहीत असावा. पुसद, दारव्हा, वणी, केळापूर अशा ठिकाणच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो, महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. मुलगी लग्न झालेली असली तरी तिचीही जबाबदारी आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात, जुन्या फौजदारी संहितेखाली सांगून ठेवलं आहे. शेत किंवा घर मुलाच्या नावावर करताना 'आमचा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. मग सांभाळ झाला नाही तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की प्रकरण अडतं. जानेवारी २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितलं, तरी कागदावर अट असणं केव्हाही बरं. सात-बारा पोराच्या नावावर करायला तलाठ्याकडे निघालेल्या प्रत्येक बापाला कोणीतरी एवढं सांगायला हवं. लातूर जिल्हा परिषदेने याच्याही पुढे जाऊन, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातले ३० टक्के कापून आई-वडिलांच्या खात्यात जमा करायला २०२१ च्या सुरुवातीला सुरुवात केली.

पण कायदा पैसे वळवू शकतो, रात्री दोनला कूस वळवू शकत नाही. आणि त्याच्या पहिल्याच व्याख्येत मला एक गोष्ट खुपते. 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. २०१९ मध्ये सून आणि जावई यांना व्याख्येत आणणारं दुरुस्ती विधेयक संसदेत मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही. जी सगळं करते ती जबाबदारीच्या यादीत नाही, म्हणून हक्काच्याही यादीत नाही. पोथीतला श्रावणबाळ आई-वडिलांची कावड खांद्यावर घेऊन गेला आणि आपण योजनेला त्याचं नाव दिलं. आपल्या गावात त्या कावडीखाली बहुतेक वेळा सुनेचा खांदा असतो.

या जिल्ह्यात तर तो खांदा कधी कधी विधवेचा असतो. यवतमाळचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे झालं. पोरगा जातो तेव्हा घरात तीन पिढ्या उरतात: त्याची बायको, त्याची लेकरं आणि त्याचे आई-बाप. मदत पात्र ठरलीच तर एक लाखाची, त्यातले ७० हजार ठेवीत. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, सावकारी, कपाशीचा भाव, बोंडअळी, सगळ्यावर. पण त्या घरातल्या म्हाताऱ्यांना पुढची दहा-पंधरा वर्षं कोण उठवतं, बसवतं, यावर फार कमी. ती तिशीतली बाई दिवसा रोजाने जाते आणि रात्री सासऱ्याचे पाय चेपते. २०१५ मध्ये यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान झालं, आशा सेविका घरोघर जाऊन निराश शेतकरी कोण ते विचारू लागल्या. त्याच उंबरठ्यावर उभं राहून 'घरात अंथरुणावर कोणी आहे का?' हा आणखी एक प्रश्न विचारता आला असता.

पुसद, महागाव, दिग्रस पट्ट्यातल्या तांड्यांवर वेगळंच. दिवाळी झाली की जोडपी ऊसतोडीला जातात आणि सहा महिने तांडा म्हाताऱ्यांचा आणि लेकरांचा. तिथे म्हातारीच सांभाळणारी असते.

किती माणसांचा हा प्रश्न आहे? २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती, त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त खेड्यांत. राज्यात तेव्हा साठीपुढचे ९.९ टक्के होते. तेच प्रमाण धरलं तर जिल्ह्यात पावणेतीन लाखांच्या आसपास म्हातारी माणसं तेव्हाच होती. देशात हे प्रमाण २०११ मध्ये ८.६ टक्के होतं, २०३१ मध्ये १३.१ होईल असा सरकारी अंदाज आहे, आणि महाराष्ट्र या वाटेवर देशाच्या पुढे आहे. २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी एक वृद्धाश्रम असावा असं म्हणतो. आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांना अशा जागा आधार देतात, आणि आमच्याकडची माणसं वाढदिवस, श्राद्ध यांच्या निमित्ताने तिथे जेवण नेतात. चांगली रीत आहे. पण आश्रमात मावतात ती शेकड्यांत. बाकीची लाखोंनी घरीच आहेत आणि घरीच राहतील. मदत तिथे, घरी, पोचवावी लागेल.

घरी मदत पोचवायची कशी, हे विदर्भाला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. यवतमाळपासून फार लांब नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन घेणं, ऊब देणं, जंतुदोष ओळखणं. ती घरी जायची. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. २०११ पासून देशभर आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा ते सात वेळा जातात आणि त्याचे त्यांना २५० रुपये मिळतात. त्याआधी बाळाला शेकणं, गुंडाळणं हे 'घरच्या बायकांचं काम' होतं, जसं आज म्हाताऱ्याला उलटवणं आहे. ते शिकवण्याजोगं, मोजण्याजोगं आणि पैसे देण्याजोगं काम आहे हे गडचिरोलीने दाखवलं.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला हेच केरळने केलं. कोझिकोडमध्ये १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य रुग्णांसाठी वेदनाशामक सेवा सुरू केली. दवाखान्यापर्यंत येऊच न शकणारे लोक जास्त आहेत हे लवकरच लक्षात आलं, आणि मलप्पुरमकडे गावोगावच्या शेजाऱ्यांनी गट करून, प्रशिक्षण घेऊन, घरोघर जायला सुरुवात केली. २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. आता पंचायत नर्सला गाडी देते आणि ती अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते: जखम धुते, नळी बदलते, आणि घरच्या बाईला कसं करायचं ते दाखवते. केरळात आणखी एक योजना आहे, 'आश्वासकिरणम'. अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीला महिन्याला ६०० रुपये. रक्कम अगदी लहान आहे. पण ती सांभाळणारीच्या नावाने येते, आणि मला त्या नावाचं मोल रकमेपेक्षा मोठं वाटतं.

सांभाळणारीला पैसा द्यावा की हात द्यावा, यावर दोन श्रीमंत देशांनी दोन वेगळी उत्तरं दिली. जर्मनीने १९९५ मध्ये देखभालीचा विमा आणला. त्यातून घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकासाठी रोख रक्कम मिळते आणि तिच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात हप्ताही भरला जातो, म्हणजे सासूपायी नोकरी सोडलेली बाई म्हातारपणी रिकाम्या हाती राहत नाही. जपानने एप्रिल २००० मध्ये असाच विमा आणला, चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. तिथेही म्हाताऱ्यांना सांभाळणं हे मोठ्या सुनेचं काम मानलं जाई. मात्र जपानी स्त्री-संघटनांनी रोख रकमेला विरोध केला. चार पैसे हातावर ठेवले की सून कायमची बाजेला बांधली जाईल, त्यापेक्षा घरी मदतनीस पाठवा, दिवसभराची केंद्रं काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. जपानने तसंच केलं. मी पुष्कळ दिवस जर्मनीच्या बाजूचा होतो. काकूला विचारलं, तुला दोन हजार महिना मिळाला असता तर? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पैसे बी चांगलेच. पण मले रात्रभर झोपू देणारं कोणी पाहिजे होतं."

म्हणून मला आपल्याकडे आधी हात हवा असं वाटतं. प्रत्येक उपकेंद्रामागे बाजेवरच्या माणसांची एक यादी. दवाखान्यातून सुटी देताना अर्ध्या तासाचा धडा: उलटवणं, भरवणं, पुसणं, सलाईन कधी लागेल ते ओळखणं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत हे कोणत्याही जास्तीच्या यंत्राशिवाय जमेल. आशा सेविकेच्या कामात महिन्याला दोन भेटी, आणि त्यांचे वेगळे, वेळेवर मिळणारे पैसे. तिच्यावर फुकटचा बोजा टाकला तर एका बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर गेलं एवढंच होईल. ग्रामपंचायतीकडे हवेची गादी, वॉकर, कमोडची खुर्ची: माणूस गेला की या वस्तू घराच्या माळ्यावर धूळ खात पडतात, त्या पंचायतीत जमा करून पुढच्या घराला देता येतात. आणि घरातल्या पुरुषांनी रात्रीची एक पाळी. उलटवायला ताकद लागते, ती त्यांच्यात आहे. माझ्या काकांनी दुसऱ्या वर्षी पहाटे चारची पाळी घेतली; आधी हात थरथरायचे, महिन्याभरात सफाईने करायला लागले. कोणी छळ करत असेल, टाकून दिलं असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. तो नंबर रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवायला एक डबा रंग पुरेल.

शेजाऱ्यांनी काय करावं, हे मला आमच्याच गल्लीत दिसलं. काकूला आठ महिने बाजाराला जाता आलं नव्हतं. आमच्या गावाहून दारव्ह्याचा बाजार करून यायला साडेतीन तास लागतात, आणि आजीची कूस दोन तासांची. समोरच्या घरातली एक मावशी एका बाजाराच्या आदल्या दिवशी आली आणि म्हणाली, "दाखव मले, कसं उलटवतं." काकूने तिला दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं. बांगड्या उतरवायला लावल्या. लुगड्याचं टोक मनगटाभोवती एक वेढा देऊन धरायचं, नाहीतर निसटतं, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू सकाळच्या एसटीने गेली. तिखट, चहापत्ती, गूळ, आजीसाठी मऊ कापसाचं कापड, आणि स्वतःसाठी चपला घेऊन एक वाजता परतली. पिशवी दारातच ठेवली, पाय धुतले, आत आली आणि न बोलता हाताचा पालथा पंजा आजीच्या पाठीखाली घातला.

पाठ कोरडी होती.